दादानं मागवलेला ग्लास

संत्र्याची साल सोलली की नांदेडमधली ती दुपार आठवते. मला पुण्यातल्या कंपनीचं नोकरीचं पत्र आलं होतं आणि थोरला भाऊ म्हणाला होता, "चल, आज माझ्याकडून पार्टी." तो मला घेऊन गेला तिथं जुन्या परमिट रूमचा नवा पब झाला होता. मळके पडदे जाऊन मोठमोठ्या काचा आल्या होत्या, आतल्या चकचकीत टाक्यांत तिथलीच बिअर तयार होत होती आणि भाजलेल्या धान्यासारखा आंबूस वास सगळीकडे भरला होता. मी लिंबू सोडा मागणार होते. "घे गं, मी हाय ना," म्हणत दादानं संत्र्याची फोड लावलेला बिअरचा ग्लास माझ्यापुढं सरकवला. दोन घोटांतच माझं तोंड वाकडं झालं आणि आम्ही दोघंही पोट धरून हसलो. संध्याकाळी अर्धापूरला घरी पोचलो, तर आमचे वडील, अण्णा, दारातच उभे. गावातल्या कुणीतरी आम्हाला पाहून त्यांना फोन केला होता. "कुणी नेलं हिला तिथं?" अण्णांनी विचारलं, तेव्हा मी निर्धास्त होते. दादा चपला काढत खाली मान घालून म्हणाला, "मी नगंच म्हणत होतो अण्णा, हीच ऐकंना." मी रडून खरं सांगितलं, पण माझं कुणी ऐकलं नाही. अण्णांनी मला पुण्याला जाऊ दिलं नाही. पुणे राहिलं ते राहिलंच; मी इथल्याच शाळेत शिकवायला लागले. यंदा राखीला दादा नुकत्याच लग्न होऊन आलेल्या आपल्या बायकोला सांगत होता, "हिला पुण्याची नोकरी लागली होती, पण ही गेलीच न्हाई." वहिनीनं विचारलं, "का हो वन्सं?" मी दादाकडे पाहिलं. तो ताटातला पेढा उचलत होता.