दुसऱ्या बाजूचं पाचवं गाणं

नांदुऱ्यात स्टेशन रोडला माझं शिवणकामाचं दुकान, आणि भिंतीला भिंत लागून अर्जुनरावाची साऊंड सर्व्हिस. लग्न असो, सप्ताह असो, की निवडणुकीची सभा, कर्णे अर्जुनरावाचेच. भोंगे एवढाले आणि माणूस मात्र कानात सांगितल्यासारखा हळू बोलणारा. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याला कधी जमलं नाही, आणि खोटं बोलायला गेला की त्याचे कान लाल व्हायचे. मी, निवृत्ती टेलर, त्याला रोज दोन शिव्या घालायचो. त्याशिवाय माझा दिवस सुरूच होत नसे.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. बाजाराच्या दिवशी सोजराबाई आली. जवळच्याच खेड्यातली. नवरा कधीचाच गेलेला, एकुलता एक पोरगा सुखदेव मुंबईहून बोटीवरच्या भटारखान्यात लागलेला. तिनं पदराची गाठ सोडून एक कॅसेट काढली.

"पोराचं बोलणं हाये म्हणतात याच्यात," ती म्हणाली. "मले लावून देता का?"

कव्हर आधी मी पाहिलं. विलायतेतला कोणता तरी बँड. चार हडकुळे गोरे, डोळ्यांत काजळ, केस कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे. माझं सारं लक्ष त्यांच्या कोटांवर. खांद्यात इतका कापूस भरलेला की माणूस दारातून आडवा काढावा लागला असता. असला कोट मी शिवला असता तर गिऱ्हाइकानं माझ्या तोंडावर फेकला असता.

बोटीवरच्या ज्या पोरानं ती आणून दिली, त्यानं म्हातारीला सारं सांगितलं होतं. सुखदेवनं ती कॅसेट तिकडच्याच एका बंदरात विकत घेतली होती. आईला वाचता येत नाही, म्हणून चिठ्ठीऐवजी बोलून पाठवावं असं त्याच्या मनात आलं. कोरी कॅसेट काही मिळाली नाही. विकतच्या कॅसेटवर दुसरं काही भरता येऊ नये म्हणून मागं खाच असते; मग त्यानं याच कॅसेटच्या त्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला आणि दुसऱ्या बाजूचं पाचवं, शेवटचं गाणं अर्धं पुसून त्याच्यावर आपला आवाज भरला. त्यामुळे आधी चार गाणी, मग अर्धं पाचवं, मग खट्ट, आणि मग सुखदेव. गाणी दणक्यात, आणि त्याचा आवाज मात्र गोधडीतून बोलल्यासारखा बारीक.

"आई, मी सुखदेव. मी बरा हाये. इथं थंडी लय हाये. हे गाणे आम्ही भांडे घासताना आयकतो. समजत काही नाही, पण हात चालतात. दिवाळीले जमलं नाही, उन्हाळ्यात येतो. छपराचं काम मी आल्यावर करू, तू वर चढू नोको." मग दोनदा खोकला. "काही नाही, थंडीचं हाये. बंद करतो आता."

त्या दिवशी म्हातारी हसत गेली. महिन्याभरात कंपनीचं पत्र आलं. सुखदेवला ताप भरला, कुठल्याशा बंदरात उतरवलं आणि तो तिथंच गेला. माती पण तिकडंच झाली. तिच्याजवळ फोटोसुद्धा नव्हता धड. ही कॅसेट तेवढी उरली.

त्यानंतर सोजराबाई दर बाजाराला यायची. घरी उंदीर फार म्हणून कॅसेट तिनं अर्जुनरावाजवळच ठेवायला दिली होती. कधी मेथीची जुडी आणायची, कधी चार वांगी. अर्जुनराव एकदा म्हणाला, "गाणे पुढे ढकलू का? एकदम सुखदेवचंच बोलणं लावतो."

"नोको," ती म्हणाली. "त्यानं आयकले, मी बी आयकते."

मग काय बाप्पा, वीस मिनिटं ते गोरे बोंबलायचे आणि म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून बसायची. शेवटी खोकला आला की स्पीकरच्या पेटीकडे पाहून म्हणायची, "औषध घे रे बाबू." आणि उठायची. मी चिडायचो. मशीनवर माझा पाय त्या ढोलाच्या ठेक्यावर चालायला लागायचा आणि शिवण वाकडी जायची. पण पावसाळ्यापर्यंत मलाही ती गाणी पाठ झाली होती, एक अक्षर कळत नसताना.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. मी मशीन पुजलं. अर्जुनरावानं पाटावर पक्कड, माइक, टेप मांडला, आणि मधोमध एका जळालेल्या मोठ्या स्पीकरचं लोहचुंबक. त्याच्या धंद्याचा देवच तो. मी दारात उभा होतो. कोणत्या घडीला माझी जीभ वळवळली कोण जाणे, मी म्हणालो, "अर्जुनराव, सोजराबाईची कॅसेट बी ठेव न बे पूजेत. तिच्याइतकं इमानी गिऱ्हाईक हाये का तुले दुसरं?"

त्याला ते फार पटलं. त्यानं कॅसेट धुतल्या रुमालानं पुसली, त्या चुंबकावरच आडवी ठेवली, वर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. आणि पूजा हलवेपर्यंत हत्याराला हात लावायचा नसतो. दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत ती तिथंच.

तीस वर्षं कर्णे बांधणारा माणूस. चुंबक खिळे ओढतं हे त्याला माहीत होतं. आवाज खातं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं सहज कॅसेट लावून पाहिली. मग मला हाक मारली. गाणी येत होती, वाऱ्यावरच्या भोंग्यासारखी जवळ-दूर होत, पण येत होती. दणकट होती, तगली. खट्ट झालं. त्यापुढे नुसती सुरसुर. बारीक होता तेवढा आवाज गेला होता.

तो अकोल्याला गाडीनं गेला, एका मेकॅनिकला दाखवली. मेकॅनिकनं सांगितलं, चुंबकानं पुसलेलं जगात कोणालाच परत आणता येत नाही. अर्जुनराव परत आला तो दोन दिवस जेवला नाही. त्याची बायको अन्नपूर्णा मला म्हणाली, "तुमी काही तरी करा न भाऊ." मी काय करणार होतो? आता शिवी द्यायची तर ती मलाच द्यायला पाहिजे होती.

दोन बाजार त्यानं दुकान बंद ठेवलं. तिसऱ्या बाजाराला म्हातारी सकाळपासून पायरीवर बसलेली. तो आला, कुलूप काढलं.

"सोजराबाई, ते कॅसेट..." एवढं बोलून थांबला.

"लावा न," ती म्हणाली. "दोन बाजार झाले बाबूले आयकून."

त्यानं लावली. मी मशीन थांबवलं. आता सांगेल, आता सांगेल असं मला वाटत होतं. चार गाणी झाली, पाचवं अर्धं तुटलं, खट्ट झालं. सुरसुर. ती पुढे वाकली. मग पेटीला कान लावला.

"अर्जुनराव," ती म्हणाली, "माहे कान गेले हो."

त्यानं तोंड उघडलं, पण तीच पुढे बोलली. "गाणे मोठे हायत, ते आयकू येतात. बाबू बारीक बोलते, तो नाही येत. म्हातारी झाली न मी. तुमी आयका अन् मले सांगा."

अर्जुनरावानं माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर त्याला अक्कल शिकवणारा मी खाली मांडीवरच्या कापडाकडे पाहत राहिलो.

त्यानं टेप मागं घेतला आणि पेटीला कान लावला. "आई, मी सुखदेव," तो म्हणाला. "मी बरा हाये. इथं थंडी लय हाये." कुठं अडला नाही. आठ महिने त्यानंही ते ऐकलं होतं. "छपराचं काम मी आल्यावर करू, तू वर चढू नोको." पेटीतून नुसती सुरसुर येत होती आणि त्याचे कान लालबुंद झाले होते. "बंद करतो आता," म्हणून तो सरळ बसला.

म्हातारी उठली नाही. "खोकलला नाही का?"

"खोकलला," अर्जुनराव म्हणाला. "दोनदा."

"औषध घे रे बाबू," ती पेटीकडे पाहून म्हणाली, आणि मग उठली.