दारातलं मीठ

२००१ च्या मे महिन्यात मी मिरज सोडलं, तेव्हा भाड्याची सुमो दारात उभी होती, बॅगा टपावर बांधून झाल्या होत्या आणि अण्णा पुन्हा पायऱ्या चढून कुलूप ओढून बघत होते. तिसऱ्यांदा! मला मुंबईच्या विमानतळावर सोडायला सगळेच निघाले होते. आईने सकाळचा सडा घातलेलाच होता, तरी माझ्या हातावर दही ठेवल्यावर तिने परत तांब्याभर पाणी दारात शिंपडलं. "जाणाऱ्याच्या वाटेवर धूळ नको," म्हणाली. गाडी सुटल्यावर अण्णांनी एकच उपदेश केला, "कोणी फुकट काही द्यायला लागला, की आधी खिसा चाचप."

तुम्हा मागे राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांना वेगळं सांगायला नको. लोणच्याच्या बरणीसारखा हा संशयही आपण नीट गुंडाळून बॅगेत भरतो. कस्टमवाले लोणचं काढून घेतात, संशय घेत नाहीत.

पुढे मिनेसोटात ईडन प्रेरीला घर घेतलं. पहिल्याच आठवड्यात शेजारचा एल्मर मफिन्स घेऊन आला. एल्मर म्हणजे सत्तरीचा, एकटा, दिवसभरात चार वाक्यं बोलला तर डोक्यावरून पाणी. माझी बायको मेधा म्हणाली, "किती प्रेमळ आहेत ना!" मी मफिन उलटसुलट करून बघितला. ह्याला हवंय काय? माझी सई तेव्हा नऊ वर्षांची. ती म्हणाली, "बाबा, ही इज जस्ट नाइस." मी तिला म्हटलं, जस्ट नाइस असं जगात काही नसतं.

अण्णा गेले, त्या वर्षी हिवाळ्यात आईला सहा महिन्यांसाठी आणलं. आणि जानेवारीत आमचं गॅरेजचं दार अडायला लागलं.

इथे पुढचं दार पाहुण्यांपुरतं. घरच्यांची ये-जा गॅरेजमधून. बटण दाबायचं, दार वर जातं, गाडी बाहेर. त्या सकाळी बटण दाबलं तर मोटर नुसती कण्हली. दाराखालची रबरी पट्टी सिमेंटला गोठून घट्ट चिकटलेली. दोन्ही गाड्या आत. मेधाचा हेअर ड्रायर आणि एक स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी चाळीस मिनिटं गुडघ्यांवर बसलो. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण ऑफिसमध्ये माणसं काढणं चालू होतं आणि पुण्याच्या टीमबरोबरची साडेसातची मीटिंग माझ्या गळ्यात होती. दुसऱ्यांदा उशीर झाला, तेव्हा मॅनेजर गोड हसून म्हणाला, तिसऱ्यांदा नको. त्या गोड हसण्याचा अर्थ व्हिसावरच्या माणसाला बरोबर कळतो. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की घर, सईची शाळा, सगळंच गेलं. 

मग मी तपासाला लागलो. आभाळातून पडलेला बर्फ भुसभुशीत असतो. हा होता काचेसारखा गुळगुळीत, आणि फक्त आमच्याच दारापुढे. म्हणजे कोणीतरी पाणी ओतत होतं. त्यावर पांढरे खडे पसरलेले, देव जाणे कसलं केमिकल! आणि बर्फात मोठ्या बुटांचे ठसे, एल्मरच्या घरापासून आमच्या दारापर्यंत आणि परत. कारणही सापडलं. ऑक्टोबरात आमच्या मेपलची पानं त्याच्या लॉनवर उडत होती, ती मी उचलली नव्हती. म्हणजे म्हाताऱ्याने डूख धरला होता!

आईला विचारलं, तर ती म्हणाली, "अरे, परवा तो खिडकीतून मला हातवारे करून काहीतरी सांगत होता. मी बाई पडदाच ओढून घेतला." झालं! माझी खात्रीच पटली.

त्याच संध्याकाळी मी त्याला गाठलं. "प्लीज स्टे ऑफ माय ड्राइव्हवे," म्हटलं, आवाज शक्य तितका सभ्य ठेवून. त्याने माझ्याकडे बघितलं, आमच्या दाराकडे बघितलं. "ओके, देन," म्हणाला आणि आत गेला. ना का, ना कशासाठी. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

तरी दुसऱ्या दिवशी सहालाच उठून मी वरच्या खिडकीत दबा धरून बसलो. म्हटलं, आज रंगेहाथ पकडतोच.

पुढचं दार उघडलं. बाहेर आली आमची आई. नऊवारीवर माझं जुनं जॅकेट, डोक्याला अण्णांची माकडटोपी, पायांत मेधाचे स्नो बूट, हातात वाफाळणारा तांब्या. जपून पावलं टाकत ती गॅरेजपाशी गेली आणि दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने सावकाश पाणी ओतलं. वाकून नमस्कार केला आणि आत आली.

मी हलणार, तेवढ्यात एल्मर दिसला. हातात कॉफीचा जुना डबा, आत तेच पांढरे खडे. त्याचा ड्राइव्हवे संपतो तिथवर आला आणि थांबला. गोठत चाललेल्या पाण्याकडे बघत राहिला. एक पाऊलही पुढे टाकलं नाही त्याने. मग डब्याचं झाकण लावून परत फिरला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धडधडत खाली गेलो. "आई, अगं हे काय करतेस?"

"सडा घालते. ज्या दारातून तू कामाला जातोस, तेच घराचं दार ना? रांगोळी काढली असती, पण पांढऱ्यावर पांढरी काय दिसणार! तुला सांगितलं असतं तर हसला असतास."

"अगं, पण इतकं पाणी? तेही कढत?"

तिने आवाज खाली आणला. "आधी नुसतं शिंपडायचे. पण रोज दारात मीठ सापडतंय रे. जाडं मीठ! कोणीतरी करणी करतंय आपल्यावर. म्हणून धुऊन काढते."

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, कळेना. ती पाणी घालत होती, त्यावर कोणी घसरू नये, बर्फ वितळावा म्हणून तो मीठ टाकत होता, मीठ बघून ती आणखी पाणी ओतत होती. आणि मी शहाणा, आयटीतला इंजिनिअर, बुटांचे ठसे मोजत होतो! करणीवर हसायला मला तोंड कुठे होतं?

दार अर्थातच अडलेलं होतं आणि सात वाजत आले होते. मी तसाच बर्फ तुडवत एल्मरकडे गेलो. सॉरी म्हटलं आणि आईच्या सड्याचं सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "आय फिगर्ड इट वॉज रिलिजस. डिडन्ट वॉन्ट टू स्टॉप हर." एवढंच. मग खुंटीवरची ट्रकची किल्ली काढली आणि मला ऑफिसला सोडलं. सात अठ्ठावीसला मी मीटिंग रूममध्ये होतो. फुकट सोडलं त्याने, आणि मी खिसा चाचपला नाही.

त्यानंतर आईने तांब्या सोडून चार थेंबांवर भागवलं. एल्मरला तिने बेसनाचे लाडू नेऊन दिले. त्याने एक लाडू उचलून उलटसुलट करून बघितला, तेव्हा मला फार बरं वाटलं. एप्रिलमध्ये ती मिरजेला परतली.

आज ग्रीन कार्ड आहे, सई माझ्या खांद्याला लागली आहे, आणि कुलूप मी अजून तीनदा ओढून बघतो. कोणी विचारतं, आता घर कुठलं म्हणायचं, इथलं की तिथलं? तेव्हा मला आई मिरजेला परत गेल्यानंतरच्या हिवाळ्यातली पहिली कडक सकाळ आठवते. मी बटण दाबलं आणि दार एका झटक्यात सरसर वर गेलं. पुढचं सिमेंट कोरडं ठणठणीत. एल्मर सवयीने डबा घेऊन हद्दीपाशी आला होता. आम्ही दोघांनी त्या कोरड्या जागेकडे बघितलं.

"शी कमिंग बॅक?" त्याने विचारलं.

"होपफुली," म्हटलं.

त्या दिवशी मी ऑफिसला वेळेआधी पोचलो, आणि सगळी वाटभर मला वाटत राहिलं, की आज मला घरातून कोणी निरोपच दिला नाही.