अक्काचा पंचकोन

लग्नाचं आमंत्रण आलं की महानंदाअक्का आधी पत्रिकेचा कागद चिमटीत धरून जाडी बघायची. वधूवरांची नावं नंतर. नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत ती केळीवरच्या मोझॅक विषाणूचं कवच अभ्यासत होती, आणि त्या कवचाची प्रतिकृती जाड पत्रिकांच्या तुकड्यांनी जोडायची. मी तिची ज्युनिअर. पत्रिकेवरचे गणपती कात्रीतून वाचवणं माझं काम.

"ह्याला ना गवंडी, ना मुकादम," निलंग्याची अक्का सांगायची. "एकच प्रथिन. आपलं आपण जुळतंय. कुठं सहाजणं बसतेत, कुठं पाचजणं. निस्ते सहा-सहा बसले तर सतरंजी होती. पाचाचे बारा गट आले की मगच वळतंय, मिटतंय."

राग धरण्यात तिचा हात कुणी धरला नसता. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तिचं काम स्वतःच्या एकट्याच्या नावावर छापलं, तेव्हा मला त्यांच्या चहात काहीतरी कालवावंसं वाटत होतं. अक्का शांत होती. "थांब जरा," म्हणाली. "त्यांनी कधी हातानं जोडलं न्हाई."

पुढे लातूरच्या परिषदेत भरसभेत कवच जोडून दाखवायची सरांना हौस आली. तुकड्यांचा डबा त्यांनी अक्काकडून मागवला. तिने निमूट दिला, पण त्यात नुसते षटकोन भरून. सरांनी झाकण उघडून पाहिलंही. त्यांना काही खटकलं नाही.

व्यासपीठावर सर जोडत गेले आणि टेबलभर सतरंजी पसरत गेली. लोक हसायला लागले. पहिल्या रांगेतली अक्का उठली.

"सर, वळायचे तुकडे माझ्याकडं हायत. काम कुणाचं हाय, तेवढं सांगा."

सर काहीतरी पुटपुटले.

"माईकमधी सांगा."

सांगितलं त्यांनी. तेव्हासारखा जीव पुन्हा कधी थंड झाला नाही माझा. अक्काने वर जाऊन कवच जोडून दिलं, पण एक जागा उघडी ठेवून. बारावा पंचकोन तिने पर्समध्ये टाकला.

भोक पडलेलं ते कवच विभागाच्या काचेच्या कपाटात राहिलं. सर रोज त्याच्यासमोरून जायचे. अक्का मागच्या वर्षी काविळीने गेली. दवाखान्यात तो तुकडा माझ्या हातात देऊन म्हणाली, "देऊ नको बग."

परवा सरांचा फोन आला. निवृत्तीचा समारंभ आहे, तेवढं कवच पूर्ण झालं असतं तर बरं, तुकडा तुझ्याकडे आहे का, असं विचारत होते. आवाज फार थकलेला होता.

"आहे, सर. माझ्याजवळच आहे," मी म्हटलं. "देणार नाही."