न जोडलेल्या तारंतली वीज

मुंबईच्या खोलीतल्या नातवांनो, आजी अजून जिती हाय. इसरला असाल म्हणून सांगते. समद्यांना मोठ्यानं वाचून दावा.

आज सकाळी द्राक्षाच्या मांडवाच्या तारंचा झटका बसून तुमची सुशीकाकी फेकली गेली. त्या तारंला वीज जोडलेलीच न्हाई!

वायरमन म्हणाला, "आजी, वरनं मोठी लाईन मांडवाच्या संगं लांबवर जाती. तिच्या करंटच्या चुंबकी जोरानं खालच्या तारंतबी वीज उठती."

"म्हंजी भांडत्यात शेजारी आन् भांडी आपटत्यात आमच्या घरात?"

तो हसला न्हाई. "फुडल्या आठवड्यात वरचा करंट वाढणार. तारंला हात लावू नका."

नामाकाका म्हणतो, "जोडल्याबिगर वीज येती व्हय? तारंवरच्या येलींची छाटणी मीच करणार."

त्याला कसा अडवू, सांगा. सुशीच्या बोटांना भाकरी तुटंना. तिला चहात बुडवून खायला खारी धाडा.