काचीगुड्याचे भाजीचे बिल्ले

निजामाचं राज्य जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि मला नांदेडात एका जागी बसवत नव्हतं. अशातच आमच्या महिला मंडळात बातमी आली की हैदराबादेत काचीगुड्याला गरीब घरांना निम्म्या दरात भाजी मिळते. ही सोय चालवत होती माझी शांतामावशी! "बघून ये, आपल्यालाही करता येईल," अध्यक्षबाई म्हणाल्या. मी शाळेत रजा टाकली आणि गाडीत बसले.

या वाटेने जाणार असाल तर डबा घरूनच न्या. गाडी मधेच कुठेही, कितीही वेळ थांबते. तेव्हा तर प्रत्येक थांब्यावर नवी अफवा डब्यात चढायची. निजामाचं हाली नाणं बंद होणार म्हणे. अमक्याचं घर रिकामं झालं म्हणे. पिठलं-भाकरी मांडीवर तशीच ठेवून मी कान देऊन ऐकत होते.

काचीगुड्याला टांगा स्टेशनाबाहेर येऊन करा, आत दुप्पट सांगतात. मावशीने खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा वाढत सगळं समजावलं. गरजू बाईने मावशीकडून निम्म्या पैशांत पत्र्याचा बिल्ला घ्यायचा. बाजारात तो पूर्ण किमतीला चालायचा, फक्त भाजी आणि फळांवर. वरचे पैसे ओळखीचे वकील, मास्तर भरायचे.

"पण सुमन, बायका बिल्ले नेतात आणि वापरत नाहीत गं," मावशी म्हणाली. "का, ते कळत नाही."

सकाळी आम्ही अंबरपेठच्या बाजारात गेलो. मावशीने दुरून रहीमाबी दाखवली. तिच्या नवऱ्याची निजामाच्या फौजेतली नोकरी गेली होती. लेकीला अंधार पडला की दिसेनासं व्हायचं, म्हणून डॉक्टरांनी पालेभाजी सांगितली होती. तिने अंबाडीची जुडी उचलली, मूठ उघडली, आणि भाजीवाली प्रेमानेच ओरडली, "आओ, बिल्लेवाली अम्मा!"

आजूबाजूच्या माना वळल्या. रहीमाबीने जुडी ठेवली आणि चालू लागली. मी मागे धावले.

"आपा, भाजी क्यों छोड़ दी?"

"हमारे घर में क्या नै है, पूरे बाजार कू मालूम होना क्या?" ती थांबलीसुद्धा नाही.

घरी येताच मी म्हटलं, "मावशी, मला बिल्ला दे. पूर्ण पैसे देते."

"ते गरिबांसाठी आहेत!"

"म्हणूनच. तूही घे, शेजारच्या वकिलीणबाईंनाही दे."

मावशी दुपारभर घुश्शात होती. मी अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. संध्याकाळी ती चपला घालून, बिल्ले घेऊन शेजारी गेली.

दोन दिवसांनी बाजारात मावशी, इरकली नेसलेल्या वकिलीणबाई, मी, सगळ्यांच्या हातात बिल्ले. "सबच बिल्लेवाले हो गए क्या?" भाजीवाली चक्रावली. रहीमाबी आमच्या मागे उभी होती. जाईल, आता जाईल, असं वाटत होतं. तिने बिल्ला पुढे केला, अंबाडी घेतली. मग जरा थांबून म्हणाली, "दो जाम बी डालो." पेरूला तिथे जाम म्हणतात.

नांदेडला परतल्यावर मंडळात पहिलाच प्रश्न आला, "बाजारात गरजू कोण, हे ओळखायचं कसं?"

"ओळखायचंच नाही."

"आणि खोटं सांगून कुणी स्वस्तात भाजी नेली तर?"

हा प्रश्न मला आजही टोचत राहतो. खोलीत सगळ्या एकदम बोलायला लागल्या. त्या गलक्यात अध्यक्षबाई उठून माझ्याजवळ आल्या.

"पहिला बिल्ला मला दे," त्या म्हणाल्या. "आणि कितीला दिलास, ते इथे कुणाला सांगू नकोस."