भाडं किती देता?

सिंगापुरात नोव्हेनाच्या हॉस्पिटलांमागे एका उताराच्या रस्त्यावर आमची इमारत होती. चार मजली, लिफ्ट नाही, स्विमिंग पूल नाही, आणि वॉचमनच्या नावाने एक लठ्ठ मांजर. सगळीच्या सगळी इमारत एकाच कंपनीच्या मालकीची, आम्ही सगळे भाडेकरू. एका मराठी कुटुंबाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं होत होत निम्मी इमारत पुण्यामुंबईच्या लोकांनी भरली होती. खोल्या मोठ्या होत्या, स्वयंपाकघराला खिडकी होती, आणि मिरच्यांच्या फोडणीचा ठसका लागला तरी शेजारी तक्रार करत नसत, कारण त्यांच्याकडेही तेच चाललेलं असे.

त्या वर्षी चिनी नववर्षाच्या जरा आधी सगळ्यांच्या दाराखालून एक पत्र आत सरकवलं गेलं. आमचे सगळ्यांचे करार मार्चअखेर संपत होते. तुम्ही बाजारभावापेक्षा फारच कमी भाडं देता, तेव्हा नव्या करारात भाडं एक तृतीयांशाने वाढेल, असं कंपनीचं म्हणणं. कुणाला काही बोलायचं असेल तर त्याने वेळ ठरवून ऑफिसात एकट्याने यावं. 'एकट्याने' हा शब्द ठळक अक्षरांत छापला होता. माझं डोकं फिरलं ते वाढीपेक्षा त्या ठळक अक्षरांनी.

माझा नवरा मात्र थंड. तो बँकेत सॉफ्टवेअरचं काम करायचा आणि कुठल्याही कागदावर शिक्का दिसला की नरम पडायचा.

"आपण इथे पाहुणे आहोत," तो म्हणाला.

"पाहुणे भाडं देत नाहीत," मी म्हणाले.

"उद्या इथे राहायचा पास रद्द झाला म्हणजे?"

"मी मोर्चा काढत नाहीये. चार घरी जाऊन चार प्रश्न विचारणार आहे. प्रश्न विचारायला पास लागतो का?"

लग्नाआधी पुण्यात मी हेच काम करत होते. साबण, चहा, खोबरेल तेल, कशाकशाचे सर्व्हे करत दारोदार फिरले होते. सिंगापुरात आल्यावर माझ्या पासवर नोकरी मिळेना, आणि घरात बसून माझी जीभ गंजायला लागली होती. कंपनी म्हणते आम्ही फार कमी भाडं देतो. बरं. मग कोण किती देतो ते एकदा एका कागदावर तर येऊ दे.

खरं सांगायचं तर मला घाई होती ती समोरच्या दारामुळे. समोर फिजिओथेरपिस्ट राहायची. नवऱ्यापासून वेगळी झालेली, जवळच्याच हॉस्पिटलात नोकरी, पदरी एक मुलगी. मुलगी त्या वर्षी सहावीत होती. इथे सहावीला जी बोर्डाची परीक्षा असते तिच्या मार्कांवर पुढची शाळा ठरते, त्यामुळे त्या वर्षी घरोघरी आईबाप कुजबुजत बोलतात. शाळा आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. दुपारी पोरगी थेट माझ्याकडे यायची, पोहे खायची आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर गणितं सोडवायची. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची.

"झाला का गं अभ्यास?"

"ऑलमोस्ट डन लाह, मावशी."

पत्र आल्यावर तिच्या आईने मला सांगितलं, "ताई, मी सेंगकांगला एका मैत्रिणीकडे खोली बघून ठेवलीय. एवढं भाडं मला झेपायचं नाही." सेंगकांगहून शाळा म्हणजे पोरीला अंधारात घर सोडायला लागणार, आणि दुपारी तिथे दार उघडायलाही कुणी नाही. परीक्षेच्या वर्षी! मी तिला म्हटलं, थांब जरा, लगेच पडतं घेऊ नकोस.

सुरुवात तळमजल्यापासून केली. तिथे फिलिपिनो नर्सेस राहायच्या, एका फ्लॅटमध्ये बऱ्याच जणी. त्यांनी दार उघडल्या उघडल्या भाडं सांगितलं, एकोणतीसशे डॉलर, वर नळ गळतो तोही दाखवला. शेजारचे चिनी अंकल निवृत्त शिक्षक. त्यांनी आधी माझ्या हातात दोन संत्री ठेवली. मग म्हणाले, "लास्ट टाइम गॉट रेंट कंट्रोल, यू नो? लँडलॉर्ड कान्ट एनीहाऊ रेज. नाऊ नो मोर. नाऊ यू मस्ट टॉक युअरसेल्फ." त्यांचं भाडं तीन हजार. त्यांनाही ते सांगायला काही जड गेलं नाही.

मग मी आपल्या माणसांत गेले.

पुण्यात शिकवलेला पहिला नियम होता, पैशांचा प्रश्न माणसाला एकट्यात विचारावा. आपल्याकडे एकट्यात काही होतं का? पहिल्या घरी चहा ठेवला, तेवढ्यात चपलांचा आवाज ऐकून शेजारीण आली, तिच्यामागून तिचा नवरा आला. मी विचारलं, भाडं किती देता? यजमान म्हणाले, अठ्ठावीसशे. शेजारणीचा नवरा कप खाली ठेवून म्हणाला, "अरे, जास्त देताय तुम्ही! आम्ही सत्तावीसशेवर आणलं." मग ही सगळी वरात माझ्याबरोबर वरच्या मजल्यावर निघाली. तिथे एका साहेबांनी सव्वीसशे सांगितले. प्रत्येकाकडे घासाघिशीची एक सुरस कथा होती. एकाने एजंटला मराठी बाणा दाखवला होता, दुसरा सह्या न करताच उठून निघाला होता आणि एजंट त्याच्यामागे पळत आला होता.

चौथ्या मजल्यावर चार्टर्ड अकाउंटंट राहायचे. तोवर आम्ही बरेच जण झालो होतो, आणि ड्यूटीवरून परतलेली फिजिओथेरपिस्टही जिन्यात भेटली म्हणून सामील झाली होती. अकाउंटंटसाहेब मागे रेलून म्हणाले, "पंचवीसशे. त्याच्यावर मी एक डॉलर देणार नाही असं तोंडावर सांगितलं त्यांना."

मग मी तिच्याकडे वळले. ती म्हणाली, "एकतीसशे."

"अगंबाई!" अकाउंटंटांची बायको म्हणाली. "तुला चांगलंच गंडवलं की गं!"

सगळे हळहळले. अकाउंटंटसाहेबांनी तिला वाटाघाटी कशा कराव्यात यावर भाषणच दिलं. बाईमाणूस एकटं बघून लोक फायदा घेतात, असंही वर ऐकवलं. ती लालबुंद झाली, चहा अर्धा टाकून उठली. संध्याकाळी तिच्या दाराबाहेर फेअरप्राइस सुपरमार्केटमधून आणलेली रिकामी खोकी रचलेली दिसली.

मी टेबलावर कागद पसरून बसले. आमच्या माणसांच्या घासाघिशीचं आधी कौतुकच वाटलं. मग वाटलं, थांब. नर्सेस एकोणतीसशे, अंकल तीन हजार, फिजिओथेरपिस्ट एकतीसशे, आणि त्याच मापाच्या फ्लॅटला आमची मंडळी पंचवीस-सव्वीसशे देतात? मी जसजशी जिने चढत गेले तसतसं भाडं उतरत गेलं होतं. आणखी दोन मजले असते तर कंपनीच आम्हाला पैसे देत होती असं निघालं असतं. हा कागद ऑफिसात नेला असता तर, तुम्ही फार कमी भाडं देता हे कंपनीचं म्हणणं आम्ही आमच्याच हाताने खरं करून दिलं असतं.

"बघ, कसे थापा मारतात," मी नवऱ्याला म्हणाले. "आपण तरी खरं लिहू. सव्वीसशे ना?"

तो टीव्हीकडे बघत राहिला. टीव्ही बंद होता.

आमचं भाडं त्याच्या खात्यातून परस्पर कापलं जायचं आणि करार त्याच्या बॅगेत असायचा. मी बॅग उघडली. बत्तीसशे. मी भारतातून यायच्या आधी त्याने घाईघाईत फ्लॅट घेतला होता, जास्त भाडं देणाऱ्यांना ऑफिसातले मित्र हसायचे, म्हणून त्याने मित्रांना सव्वीसशे सांगितलं, आणि एकदा त्यांना सांगितल्यावर मलाही तेच. दोन वर्षं मी या माणसाच्या ताटात वरण-भात वाढत होते आणि मला स्वतःच्या घराचं भाडं माहीत नव्हतं.

इतका संताप मला क्वचितच आला असेल. फसवलं म्हणून आला, आणि त्याहून जास्त यासाठी आला की आपल्या माणसांत खरं बोललेल्या एकाच बाईला आम्ही मूर्ख ठरवलं होतं आणि ती लाजेने खोकी भरत होती.

रविवारी सकाळी मी सगळ्यांना साबुदाणा वड्यांना बोलावलं. फुकटच्या वड्यांना नाही म्हणणारा मराठी माणूस अजून जन्मायचाय. फिजिओथेरपिस्ट यायला तयार नव्हती, तिला मी हाताला धरून आणली. नर्सेस आल्या, अंकल आले. नवरा म्हणाला, "तुला जे करायचं ते कर, मी बेडरूममध्ये बसतो. लोक हसतील."

"हसू देत. हसण्याला भाडं लागत नाही."

सगळ्यांच्या हातांत बशा गेल्यावर मी आमचा करार घेऊन उभी राहिले. बोलायला तोंड उघडलं आणि मागून आवाज आला, "बत्तीसशे." नवरा बेडरूमच्या दारात उभा होता. "आम्ही बत्तीसशे देतो. मी हिलासुद्धा खोटं सांगितलं होतं."

हसले की लोक. चांगले खदखदून हसले. त्याचे कान लाल झाले, पण तो आत गेला नाही. हसणं ओसरल्यावर सगळ्यांचं लक्ष आपापल्या बशीत गेलं. मी फिजिओथेरपिस्टकडे बोट केलं आणि म्हणाले, "आपल्यात ही एकटीच खरं बोलली, तर आपण तिला शहाणपण शिकवलं. ती घर सोडून चाललीय. आता बोला."

अकाउंटंटांच्या बायकोने नवऱ्याला कोपराने ढोसलं. ते घसा खाकरून म्हणाले, "बत्तीसशे. आणि पार्किंगचे वेगळे." मग ओळच लागली. कुणी तीन हजार, कुणी एकतीसशे, कुणी त्याहून जास्त. आजूबाजूला याच मापाचे फ्लॅट तीन हजारांच्या आसपासच जात होते; बाजारभावापेक्षा फार कमी देणारा इमारतीत एकही नव्हता. अंकलनी सगळं ऐकून घेतलं, आणखी एक वडा उचलला आणि म्हणाले, "सो, ऑल गो टुगेदर लाह." दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टची खोकी दाराबाहेरून आत गेली होती, रिकामी का भरलेली ते मला कळलं नाही.

शनिवारी आम्ही सगळे मिळून कंपनीच्या ऑफिसात गेलो. खुर्च्या पुरल्या नाहीत, निम्मे लोक भिंतीला टेकून उभे राहिले. मॅनेजर मृदू बोलणारा माणूस होता, आवाज न चढवता गळा कापणारा. त्याने खऱ्या भाड्यांचा माझा कागद शांतपणे वाचला आणि म्हणाला, मी प्रत्येकाशी स्वतंत्र बोलेन, बाकीच्यांनी बाहेर थांबावं. कुणीच हललं नाही. अकाउंटंटसाहेबसुद्धा हलले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते.

मग मॅनेजरने नजर फिरवली आणि बरोबर तिच्यावर आणून थांबवली. तुमची मुलगी यंदा सहावीला ना? फार महत्त्वाचं वर्ष. तुमची अडचण आम्ही समजू शकतो. त्याने ड्रॉवरमधून करार काढला. दोन वर्षं, एकतीसशेच, एक डॉलर वाढ नाही. आत्ता सही करा, बाकीच्यांचं नंतर बघू.

हाच त्याचा डाव होता, हे कळत होतं. तिने सही केली की बाकीच्यांतला एकेक जण उद्या गुपचूप येऊन आपापलं पदरात पाडून घेणार होता. पण मला त्या क्षणी बाकीच्यांची पर्वा नव्हती. पोरगी वाचत होती ना? मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला आणि हळूच म्हणाले, "सही कर. आमचं आम्ही बघतो. सही कर."

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. करार दोन बोटांनी परत त्याच्याकडे सरकवला.

"ताई, तुम्ही जरा गप्प बसा," ती म्हणाली.

मॅनेजरला मराठी येत नव्हतं. त्याने मला विचारलं, काय म्हणाल्या त्या?

"ती नाही म्हणतेय," मी इंग्रजीत सांगितलं.

"सगळ्यांचं काय ते सांगा," ती त्याला म्हणाली. "मग माझं."

तो फोन घेऊन बाहेर गेला. फार वेळ गेला. खोलीत एक नर्स हाताची बोटं मोडत होती. परत आला तेव्हा त्याचा मृदूपणा जरा उतरला होता. डिसेंबरपर्यंत कुणाचंच भाडं वाढणार नाही, म्हणाला. परीक्षा त्याच्या आधीच उरकणार होती, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या वर्षी मात्र वाढ होणार म्हणजे होणारच, हेही त्याने बजावलं. आणि ती झालीच. आमच्यातली तीन कुटुंबं लांबच्या टॅम्पिनीसला गेली, आम्हीही त्यांच्यातलेच.

पण ते पुढचं. तेव्हा ती इतकंच म्हणाली, "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू." आधी भिंतीला टेकलेल्या सगळ्यांना सह्या करायला लावल्या, अकाउंटंटांनी करारांत केलेली खाडाखोड दोनदा तपासली, आणि सगळे कागद झाल्यावर मग माझ्यापुढे हात केला.

"ताई, आता पेन द्या."