बंगला भाड्याचा, बिऱ्हाड अंगणात

भाड्याने बंगला कसा बघावा हे अख्ख्या महाराष्ट्रात एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस माझ्या मावशीचा नवरा आहे. हे मत माझं नव्हे, त्यांचंच. पण सत्तर सालानंतरचे लागोपाठ तीन उन्हाळे त्यांच्यामागून पाचगणीचे बंगले पालथे घातल्यावर मलाही ते पटलं. इतर माणसं थंड हवेला जातात तेव्हा बंगल्यात शिरल्याबरोबर खिडकीकडे धावतात. दरी दिसते का, वारा येतो का, न्हाणीघरात नळ आहे का, असल्या किरकोळ चौकशा करतात. आमचे काका दारातच थांबायचे, हात कमरेवर ठेवायचे आणि मान मागे टाकून छपराकडे बघत राहायचे. एवढी सुंदर दरी, पण तिच्याकडे त्यांनी कधी ढुंकूनही बघितलं नाही. बराच वेळ वर बघून झालं की ते राखणदाराला विचारायचे, "हे पडलं तर किती लागंल?" राखणदार बिचारा गळ्याची शपथ घेऊन सांगायचा की साहेब, हे पडणारच नाही. "पडतंय," काका शांतपणे म्हणायचे. "मी पडल्यालं बघितलंय. तू फकस्त किती लागंल तेवढं सांग."

हसण्याआधी यामागचं कारण सांगायला हवं. काका पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि कोयनानगरला धरणाच्या वसाहतीत भांडारावर लागले. तिथं त्यांना दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे काका कामावर होते आणि मावशी घरात. भिंत बसली, आढं खाली आलं आणि मावशी दाराच्या चौकटीखाली अडकली. काकांनी धावत येऊन नुसत्या हातांनी माती उपसून तिला बाहेर काढलं. चार ओरखडे सोडले तर तिला काही झालं नव्हतं, पण त्या दिवसापासून डोक्यावर छप्पर आलं की तिचा जीव गुदमरायचा. काका नोकरी सोडून कराडजवळच्या आपल्या गावी आले. तिथं ऊस होता, विहीर होती, चांगलं पाच खणांचं घर होतं, पण मावशी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना. चूल अंगणात, बाज अंगणात, देव तेवढे आत. पावसाळ्यात काकांनी तिला उसाच्या पाचटाचं खोपट घालून दिलं. पाचट तिला चालायचं. "पडलं तर पांगरूनावानी पडंल अंगावर," असं ती म्हणायची. कराडच्या डॉक्टरांनी हवापालट सुचवला आणि काकांनी तो सल्ला थेट हुकूम म्हणून घेतला. "आपल्या घरावरचा तिचा इस्वास उडालाय," ते मला गंभीरपणे म्हणाले, "आता दुसऱ्याच्या घरावर बसतोय का बघू." मावशीला एकदा, एकदाच, पक्क्या छपराखाली निवांत निजलेलं बघायचं, या एकाच ध्यासाने त्या माणसाला झपाटलं होतं. मी सांगलीत शाळामास्तर, मे महिन्यात रिकामा. त्यामुळे मी त्यांच्या पलटणीत आपोआप भरती झालो.

पाचगणीत बाबूभाई नावाचे एक गृहस्थ मुंबईच्या मालकांच्या बऱ्याच बंगल्यांच्या किल्ल्या सांभाळत. पहिल्या वर्षी त्यांनी आम्हांला मोठ्या अभिमानाने एक दगडी बंगला दाखवला. "साहेब, इंग्रजाच्या टायमाची भिंत हाय. दोन हात रुंद!" काकांनी भिंतीवर थाप मारली. "म्हंजे पडली तर दोन हात रुंद पडणार. म्होरं चला." त्यानंतर बाबूभाईंच्या ध्यानात आलं की या गिऱ्हाइकाला चांगला बंगला दाखवून उपयोग नाही. मग ते एकेक पडके, हलके, वाऱ्याने कुरकुरणारे बंगले दाखवू लागले आणि काकांचा चेहरा खुलू लागला. शेवटी एक मंगलोरी कौलांचा बंगला निघाला. काकांनी परसात पडलेलं एक कौल उचललं, मला स्टुलावर चढवलं आणि स्वतः खाली सावधान उभे राहिले. "सोड माज्या डोस्क्यावर." मी हात जोडले, बाबूभाईंनी कानांना हात लावले, पण हवालदाराचा हुकूम तो हुकूम. मी डोळे मिटून कौल सोडलं. फेट्यावर आपटून त्याचे दोन तुकडे झाले आणि काका हळूच खाली बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "हलकं हाय. घिऊ या." मग संध्याकाळपर्यंत ते मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारत होते, पण बंगला पसंत पडल्याचा आनंद त्यांच्या तोंडावरून मावळला नाही.

मावशीने मात्र त्या बंगल्याला बाहेरूनच नमस्कार केला. सिल्व्हर ओकच्या झाडाखाली तिने तीन दगडांची चूल मांडली, बाज टाकायला लावली आणि पहिल्या तासात भाकऱ्या थापायला घेतल्या. मावशी अंगणात, म्हणून काका अंगणात. वडीलधारी माणसं अंगणात असताना मी आत गादीवर कसा लोळणार? म्हणून मीही अंगणात. बंगल्यात फक्त ट्रंका राहायच्या. त्या मात्र मस्त हवा खायच्या. रस्त्याने फिरायला निघालेली सुखवस्तू मंडळी फाटकाशी थबकायची. कुणाला वाटायचं इथं लग्न आहे आणि आम्ही आचारी आहोत. एकदा पुण्याच्या एका जोडप्याने, बंगला रिकामाच दिसतोय, भाड्याने मिळेल का, म्हणून विचारलं. काकांनी त्यांना आत नेऊन सगळा बंगला हिंडवून दाखवला, तुळया मोजून दाखवल्या, कुठलं कौल आधी पडेल तेही सांगितलं. जोडपं जे पळालं ते मागे वळून बघायला थांबलं नाही.

दर वर्षी काका नवी युक्ती काढायचे. दुसऱ्या वर्षी त्यांनी मावशीला वचन दिलं, की जमीन हलायच्या आधीच मी तुला इशारा देतो. त्यासाठी त्यांनी दिवाणखान्याच्या खिडकीत पितळी तांब्यावर तांब्या, त्यावर पेला, पेल्यावर वाटी अशी उतरंड रचली. एवढंसं जरी हललं तरी ती कोसळणार आणि आम्ही सगळे बाहेर! मावशीने लांबूनच मान डोलावली. "येते उद्या," म्हणाली. काका हरखले. त्यांनी मला आत पाटावर बसवून जेवणाची रंगीत तालीमच घेतली. मी पहिला घास घेतो न घेतो तोच छपरावर वानर उडी मारून आलं आणि उतरंड खणखणाट करीत खाली आली. "भाईर! फॉल इन!" काका गरजले. मी खरकट्या हाताने, काका एका पायात वहाण घालून, आणि भाड्यासाठी आलेले बाबूभाई आपण कशासाठी पळतोय हे ठाऊक नसताना, असे तिघेही अंगणात जाऊन रांगेत उभे राहिलो. मावशी झाडाखाली आधीच जेवायला बसली होती. तिने आमच्याकडे बघून शांतपणे आणखी तीन पानं मांडली. "बसा. मी कवाची सांगतीया, भाईरच बरं म्हणून."

तिसऱ्या वर्षी मात्र बाबूभाईंनी काकांना हवा तसा बंगला शोधून ठेवला होता. गावाच्या टोकाला, सगळा लाकडाचा, भिंती फळ्यांच्या, वर पातळ पत्रा. काका दारात उभे राहून वर बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. "गड्या," ते मला म्हणाले, "हे पडलं तरी मानूस हसत भाईर यील." मावशी फाटकाशी उभी होती. तिला दाखवण्यासाठी काकांनी दिवाणखान्याचं दार सताड उघडलं. पलटणीत पूल तपासताना आधी त्यावर आपण नाचायचं असतं, असं सांगून त्यांनी वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि खोलीच्या मधोमध जागच्या जागी धावायला सुरुवात केली. "बघ! बघ गं! हाललं का कुटं?" बंगला खरोखरच हलला नाही. पायाखालची फळी तेवढी मोडली, आणि काकांचा उजवा पाय मांडीपर्यंत जमिनीत गेला.

बाबूभाईंनी आणि मी त्यांना ओढून काढलं. डॉक्टर आले. पाय घोट्यापाशी मोडला होता. त्यांनी पाय बांधला, इंजेक्शन दिलं आणि उद्या प्लास्टर घालेपर्यंत रोग्याला जागचं हलवायचं नाही अशी ताकीद दिली. आत खाटेवर काका आणि अंगणात मावशी, अशी फाळणी झाली. "त्यास्नी भाईर आना," मावशी झाडाखालून म्हणाली. "डाक्टरची आर्डर हाय," काका आतून म्हणाले. मग मी चहा घेऊन आत-बाहेर करू लागलो. "साखर कमी हाय." मी बाहेर जाऊन ते सांगितलं. "तेवडीच भेटंल," असा निरोप आत गेला. असं बराच वेळ चाललं आणि मग आतून आवाज यायचा थांबला. मावशीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "आवं," तिने हाक मारली. उत्तर नाही. "आवं, ऐकलं का?" काही नाही. मी बघून येतो म्हणेपर्यंत ती उठली होती, आणि मी पायरीशी पोचायच्या आत ती उंबरा ओलांडून खोलीत होती.

काका इंजेक्शनच्या गुंगीत घोरत होते. मावशी खाटेशी उभी राहिली. तिने एकदा वर पत्र्याकडे बघितलं, एकदा त्या मोडक्या फळीच्या भोकाकडे बघितलं. मला वाटलं, आता पळेल. पण ती खाटेच्या पायापाशी बसली आणि काकांच्या पांघरुणाचं टोक मुठीत धरून राहिली. मी दारातच थांबलो. उन्हं कलली तेव्हा बघतो तर तिचं डोकं खाटेच्या कडेला टेकलेलं आणि डोळे मिटलेले. काका जागे झाले होते. त्यांनी मला बघून तोंडावर बोट ठेवलं. तीन वर्षं अखंड बडबडणारा तो माणूस तसाच निपचित पडून राहिला. पायाला कळा येत असणार, कपाळावर घाम होता, पण त्यांनी कूससुद्धा बदलली नाही. मी आयुष्यात खूप प्रेमाची माणसं बघितली, पण माझ्या लेखी त्या न हलण्याची सर कशालाच नाही. मावशीला जाग आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "च्या हाय का?" ती उठली आणि आतल्याच स्वयंपाकघरात चूल पेटवायला गेली.

सगळ्या धड उभ्या बंगल्यांना नाही म्हणणारी मावशी शेवटी शिरली ती जमीन मोडलेल्या बंगल्यात. काकांना मात्र यात नवल वाटलं नाही. श्रेय त्यांनी बंगल्याच्या निवडीला दिलं. पुढच्या वर्षी त्यांनी तोच बंगला मागितला, आणि मालकाने फळी बदलून घेतल्याचं कळताच ते फार खट्टू झाले. "चांगलं घर नासवलं," असं ते बाबूभाईंना म्हणाल्याचं मला आठवतं. पण तोवर बंगल्याची गरजच उरली नव्हती. मावशी गावाकडच्या घरात आधी ओसरीवर, मग माजघरात, असं करत करत आत राहायला आली होती. पाचटाचं खोपट काकांनी शेरडांना देऊन टाकलं.

मावशीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती आपल्या घरात, आपल्या छपराखाली गेली. परवा मी कराडला गेलो होतो, म्हणून गावी डोकावलो. काका खूप थकले आहेत. मोडलेला पाय थंडीत दुखतो. घर लख्ख झाडलेलं होतं, माजघरात गादी घातलेली होती, आणि काकांची बाज अंगणात होती. मला राहवलं नाही. दारात उभा राहून, हात कमरेवर ठेवून, मी मान मागे टाकून छप्पर नीट बघितलं आणि त्यांना म्हणालो, "काका, आत चला. छप्पर चांगलं आहे. पडलं तरी लागणार नाही."

ते हसले. बाजेवर जरा सरकून त्यांनी मला बसायला जागा केली.

"छपराचं काय न्हाई रं," ते म्हणाले. "आत लय मोकळं हाय."